रजेवर असताना जाणारं उत्तर : ‘उपलब्ध नाही’ला दुसरा शब्द काय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीत मी हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. मागच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. जाताना मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून गेले : ‘दि. १२ पर्यंत कार्यालयात उपलब्ध नाही. कृपया नोंद घ्यावी. असुविधेबद्दल क्षमस्व.’

त्याच दिवशी जतच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने पट्टीची, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदाची, प्रत मागितली होती, बँकेत दाखवायला. त्याला हे उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील एसटीने येऊन पेढीच्या पायरीवर उभे. माझ्या जागी बसलेल्या पोराला म्हणाले, “पट्टी उपलब्ध नाही म्हणून लिवलंय. माल तर तुमच्याकडंच घातलाय की ओ.” पट्टी त्यांना दोन मिनिटांत मिळाली, पण त्यांचा दिवस गेला आणि भाडं गेलं. मला ते फार लागलं. ‘मी’ लिहिलं नाही, त्यामुळे नाही काय आणि कोण, तेच त्यांना कळलं नाही. मराठीत हे उत्तर कसं लिहावं? कोणते शब्द ठेवावेत, कोणते काढावेत?

*

ताई, मी साताऱ्यात सरकारी कार्यालयात बरीच वर्षं आवक-जावक सांभाळली. तुमच्या तीन वाक्यांतली तिन्ही मला ओळखीची आहेत, कारण ती नोटीस बोर्डावरची आहेत. ‘कृपया नोंद घ्यावी’ हे उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगताना लिहितात. त्यात लिहिणारा दिसत नाही आणि वाचणाऱ्याने पुढं काय करायचं तेही कळत नाही.

‘क्षमस्व’बद्दल थोडं सविस्तर लिहितो. हे संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे, द्वितीय पुरुष एकवचन. म्हणजे सरळ अर्थ ‘तू क्षमा कर’. देवापुढं ते शोभतं, गिऱ्हाइकाला लिहिताना शब्दशः पाहिलं तर अरेतुरे होतं. वर ‘आम्ही क्षमस्व आहोत’ असंही लोक लिहितात, ते तर व्याकरणात बसतच नाही. ‘दिलगीर आहे’ हा जुना, घरचा झालेला फारसी शब्द आहे. दिल म्हणजे मन, ते खिन्न झालेलं. आणि ‘असुविधा’ हिंदी पाट्यांवरून आलाय, आपल्याकडे ‘गैरसोय’ आहे. पण माझं मत विचाराल तर चार दिवस रजा घेतल्याबद्दल दिलगिरीसुद्धा नको. रजा हा शब्दच मुळात ‘संमती, परवानगी’ या अर्थाचा आहे. परवानगी घेऊन गेलेल्या माणसाने माफी कशाला मागायची? तुम्ही काही खाडा केला नव्हता. रोजंदारीवरचा न सांगता आला नाही की खाडा, पोरगं शाळेला गेलं नाही की दांडी, हजेरीवर नाव पुकारून उत्तर आलं नाही की गैरहजर. तुम्ही रजेवर होता, तेवढंच लिहा. आईच्या डोळ्याचं कारण सगळ्यांना सांगायची गरज नाही.

आणि परत कामावर येण्याला आम्ही ‘रुजू होणे’ म्हणतो. अरबीत त्याचा अर्थच ‘परतणे’. मेलमध्ये तो जड वाटेल, पण परतायची तारीख मात्र हवीच. ‘१२ पर्यंत’ म्हटलं की १२ धरून की सोडून, यावर वाद होतो. ‘१३ तारखेला कामावर येते’ म्हटलं की वाद मिटला.

*

शब्द पटले. पण या ताईंना निजामाबाद, इरोडच्या व्यापाऱ्यांचेही मेल येत असणार. त्यांना मराठी कसं चालेल? आउटलुक वापरत असाल आणि मेलचं खातं कंपनीचं असेल तर आतल्या लोकांना एक आणि बाहेरच्यांना दुसरा असे दोन मजकूर ठेवता येतात. जीमेलमध्ये मजकूर एकच, तिथे वर मराठी आणि खाली इंग्रजीच्या दोन ओळी लिहा. जीमेल त्याच माणसाला चार दिवसांत एकदाच हे उत्तर पाठवतं, तेव्हा पहिल्याच वेळी सगळं सांगितलेलं बरं.

*

दोघांचे आभार. सातारच्या काकांचं वाचून मला ऑपरेशनच्या दिवशीची सकाळ आठवली. घरातून निघताना आई उंबऱ्यात थांबून शेजारच्या काकूंना म्हणाली, “येते हं.” जाताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बांगडी फुटली की ती वाढवली म्हणतात. यार्डातली जुनी माणसं रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. ‘नाही’, ‘संपलं’, ‘बंद’ हे शब्द तोंडावर मारू नयेत म्हणून आपल्या भाषेनं केवढी काळजी घेतली आहे. ती काळजी माझ्या मेलमध्ये नव्हती. जतच्या काकांना मी पहिला शब्द दिला तो नकाराचा.

आता असं लिहिलंय :

‘नमस्कार. आपला मेल पोचला. मी सध्या रजेवर आहे, सोमवारी सकाळी पेढीवर येते आणि आल्यावर आपलं काम आधी बघते. पट्टी किंवा हिशेबाची घाई असेल तर पेढीच्या फोनवर सांगा, त्याच दिवशी प्रत पाठवतील. त्यासाठी सांगलीला यायची गरज नाही.’

‘नाही’ एकदा आलाच, पण तो तिथे हवा आहे. ‘येईन’ लिहिलं होतं, ते खोडून ‘येते’ केलं. फोन घेणाऱ्या पोराला पट्ट्यांची फाईल कुठे आहे ते दाखवून ठेवलंय. आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा हेच लावून जाईन.