विषय: वादळानंतर किनाऱ्याला मदत – काय, कधी आणि कुणाच्या खात्यात

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आलाय. आपल्या परदेशातल्या मंडळाच्या मदत समितीने कोकण किनाऱ्यासाठी वादळ निधीचा कच्चा आराखडा केला आहे: ताडपत्र्या, सौर कंदील, कपडे-धान्याचा एक कंटेनर आणि सुपारी-नारळाची पाच हजार रोपं. निसर्ग (3 जून 2020) आणि तौक्ते (मे 2021) या दोन्ही वादळांच्या वेळी ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं, त्यांनी भीडभाड न ठेवता तो तपासावा. विहिरींबद्दलही सांगावं, त्याचा उल्लेख आमच्या कागदात नाही.

– सचिव, मदत समिती

*

सचिवताई, नमस्कार.

कंटेनर आधी रद्द करा. समुद्रमार्गे यायला महिना-दीड महिना, त्यात कस्टम. शिवाय वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. निसर्ग 3 जूनला आलं आणि मागोमाग पाऊस. छप्पर उघडं राहिलेल्या घराच्या हातात दोन-चार दिवस असतात. धान्य महाड-माणगावात मिळतं. मिळत नाहीत ते पत्रे, जे-हुक (पत्रा धरून ठेवणारे आकडे), कौलं आणि ती चढवणारी माणसं. त्यामुळे सामान मे महिन्यातच घेऊन गावात कोरड्या जागी ठेवायला हवं.

ताडपत्री नुसती वाटून भागत नाही. कडेच्या रिंगांत दोरी ओवून बांधली की पहिल्याच वावटळीत रिंगा उपटून येतात, आणि वर दगड ठेवले तर ते घसरून खाली माणसांवर येतात. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या बाजूला निदान तीन फूट उतरवायची, कड एका रिपेभोवती दोन वेळा गुंडाळायची आणि ती रीप वाशाला खिळ्यांनी ठोकायची. म्हणून प्रत्येक ताडपत्रीबरोबर रिपा आणि खिळे द्या. त्याशिवाय ती चार दिवसांत चिंध्या होते.

पत्र्यांचं म्हणाल तर वारा कडेने शिरतो आणि पत्रा तिथूनच उचलला जातो. वळचणीला आणि आढ्याला एकाआड एक उंचवट्यावर जे-हुक हवा, मधल्या रांगांत थोडा विरळ चालतो. भोक उंचवट्यावरच पाडायचं. खोलगट भागात पाडलं की पाणी तिथूनच गळतं. हुकाखाली डांबरी वायसर पाहिजेच. घाईत हाच विसरतात. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पत्र्यांचे जोड त्याच्याकडे तोंड करून ठेवू नका.

मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, आढ्यावरची कोनी कौलं वेगळी. पण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. घरोघरच्या छापाचे फोटो आताच काढून ठेवले तर तेव्हा ट्रकभर चुकीची कौलं यायची नाहीत.

आता वाडी. रोपं वाटायचा विचार मनापासूनचा आहे हे कळतं, पण वादळानंतर लगेच रोपं देऊ नका. वाडीचं छत्र गेलेलं असतं, आणि सुपारीचं कोवळं रोप उघड्यावर ऑक्टोबरच्या उन्हात करपतं. आधी केळी लावायची. तिची सावली धरली की मग सुपारी, 2.7 मीटर अंतरावर. नारळाला 7.5 मीटर. रोप बारा ते अठरा महिन्यांचं, निदान पाच पानांचं हवं. असं रोप आयत्या वेळी हजारांनी कुठेच मिळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा त्याच्या श्रीवर्धन आणि भाट्ये इथल्या केंद्रांकडे वर्षभर आधी मागणी नोंदवावी लागते. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढा काळ घर केळीवर आणि मिळेल त्या आंतरपिकावर चालतं, म्हणून निधी एकदम न देता तीन वर्षांत विभागून द्या.

रोपांच्या आधी खर्च येतो तो पडलेली खोडं काढण्याचा, आणि त्याला कुणी पैसे देत नाही. नारळाचं खोड वाडीतच कुजलं की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो आणि उरलेल्या उभ्या माडांच्या कोंबात शिरतो. जखमी माडांवर सोंड्या भुंगा येतो. म्हणजे वादळातून वाचलेली झाडं पुढच्या वर्षी जातात. खोडं तुकडे करून बाहेर काढलीच पाहिजेत. सुपारीची खोडं मात्र चिरून रिपा, पन्हळ, मांडव यांना उपयोगी पडतात, ती जाळू नका.

यासाठी चेनसॉ द्या, पण जादा साखळ्या, कानस आणि साखळीचं तेल यांच्यासह. नारळाच्या खोडातले धागे आणि सालीत अडकलेली वाळू साखळीची धार भराभर खातात. इंधनाच्या दर टाकीला कानस मारावी लागते. वाकलेलं किंवा दुसऱ्यावर अडकलेलं झाड कापताना ते उसळतं, मुळासकट पडलेल्याचा बुंधा कापल्यावर परत खड्ड्यात उभा राहतो. बुंध्याच्या खड्ड्यात माणूस उभा करायचा नाही. शिकलेला माणूस नसेल तर यंत्र न दिलेलं बरं.

आंबा-काजूच्या मोडक्या फांद्या सफाईने कापून बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचं, लोखंडी नको. लोखंडी विळा बुडवून बघा; त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

– श्रीवर्धनहून, बागायतदार

*

ताई,

विहिरींचं मी सांगतो. वीज गेली की पंप बंद. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एक अश्वशक्तीच्या पंपाला सुरू होताना नेहमीच्या दोन-तीन पट ओढ लागते, म्हणून तीन केव्हीएचा जनरेटर घ्या. तो हातगाडीवर एका विहिरीवरून दुसरीवर फिरवता येतो.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले 785, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर, पावडर सत्तर ग्रॅम. बादलीत कालवून साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून घुसळायचं. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी. पिवळी छटा आली नाही तर पुन्हा. पालापाचोळा आधी काढा, नाहीतर क्लोरीन त्यातच संपतो. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की ती मरते, म्हणून लहान बंद पाकिटं घ्या.

– दापोलीहून, निवृत्त आरोग्य सेवक

*

मंडळी,

पैशाचं आणि कागदाचं. मंडळ परदेशात नोंदलेलं, त्यामुळे आपला पैसा कायद्याने विदेशी देणगी ठरतो. ती घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी जमा झाले पाहिजेत. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून स्वतः गावात काम करणारीच संस्था निवडा. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम यात येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांची येते.

पण पैशाहून अडलेलं काम आपल्याच सह्यांचं आहे. कोकणातले सातबारे सामाईक. पंचनामा होतो, भरपाई मंजूर होते, आणि बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र नाही म्हणून वाडी सांभाळणाऱ्या भावाच्या खात्यात ती जमा होत नाही. ते हिस्सेदार म्हणजे या यादीतले, परदेशात राहणारे आपण. निसर्गच्या वेळी फळबागेला हेक्टरी 50 हजार जाहीर झाले, म्हणजे दहा गुंठ्यांना साधारण पाच हजार. दहा गुंठ्यांत सुपारीची सव्वाशेच्या वर झाडं बसतात. एवढी तुटपुंजी रक्कमही आपल्या सहीवाचून अडावी हे मला सहन होत नाही.

म्हणून आताच करा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या. संमतीपत्राचा नमुना तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) मागवा, सही भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पिकांची सरकारी नोंद) सुपारी, नारळ, आंबा वेगवेगळे आणि झाडांच्या संख्येसह नोंदवायला गावातल्या माणसाला सांगा. तिथे उभं राहूनच फोटो लागतो. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) येईपर्यंत पडलेल्या झाडांचे बुंधे फोटोत दिसतील असे ठेवा, मग कापा.

ज्यांना संमतीपत्र करायचंय त्यांनी गाव आणि तालुका मला खासगीत कळवा. एकाच तालुक्याचे कागद एकत्र पाठवू.

– खजिनदार