मॉड्यूलरमधली तार खरी म्हणायची का?

गंगापूररोडवाला: रियाजाला तंबोऱ्याचं ॲप लावणारेच माझ्या 'रिंग्ज'ला खेळणं म्हणतात, म्हणून हा धागा. (रिंग्ज म्हणजे मॉड्यूलर सिंथेसायझरचा, केबलींनी जोडायच्या सुट्या भागांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, एक भाग, म्हणजे मॉड्यूल.) ॲपमध्ये बहुतेकदा रेकॉर्ड केलेला तुकडा गोल फिरत असतो. या मॉड्यूलमध्ये रेकॉर्डिंगच नाही, तार कशी हलते त्याचं गणित चालू असतं. 1983 मध्ये कार्प्लस आणि स्ट्राँग या संशोधकांनी मांडलेली युक्ती: एवढासा खरखराट डिलेमध्ये (आवाज जरा उशिराने परत देणाऱ्या भागात) फिरवत ठेवायचा आणि दर फेरीला थोडा बोथट करायचा. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल) धरले तर 200 नमुन्यांचा डिले म्हणजे साधारण 240 हर्ट्झ. (पेटीवर शोधू नका, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो.) काल टेबलावर टकटक करून माइकचा आवाज इनपुटला दिला. नखाने वाजवलं तर धारदार तार, बोटाच्या पेराने वाजवलं तर मऊ. रेकॉर्डिंगकडून हे करून घ्या!

पंचवटीकर: ॲप मीही लावत नाही. घरी आजोबांचा मिरजेचा तंबोरा आहे. तार आणि घोडी (तारेखालची पट्टी) यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर सरकवला की मिटलेला आवाज फुलासारखा उघडतो. तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत असते म्हणून. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच यावर लिहिलंय. तुमच्या फिरत्या डिलेत घोडी कुठाय?

गंगापूररोडवाला: साध्या मॉडेलमध्ये नाही, कबूल. पण ती टक्करही गणितात बसवता येते, अभ्यासकांनी बसवलीय. आणि रिंग्जमध्ये तरफेच्या तारांसारखा (मुख्य तार वाजली की आपोआप घुमणाऱ्या) मोड आहे, तो एकदा ऐका तरी.

ढोलवाला_नाशिक: दोघं तारेलाच लटकलात. पावसात ढोल उतरला की आम्ही दोऱ्या आवळतो, खर्च शून्य. तुमचं एक मॉड्यूल घेऊन भागतं का? डबा, पॉवर सप्लाय, केबलींचा गुंता. त्यात ते बनवणारी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स 2022 मध्ये बंद झाली म्हणे.

गंगापूररोडवाला: झाली, पण सर्किट आणि कोड दोन्ही खुले ठेवून. म्हणून आजही दुसरे लोक तेच बनवतात. केबलींच्या गुंत्याबद्दल मात्र बोलत नाही, घरातही हाच विषय चालू आहे.

पंचवटीकर: रविवारी सकाळी या घेऊन. तंबोऱ्याशेजारी ठेवू, मी सा लावतो, गळा कशाला चिकटतो बघू. फक्त ते 200 वगैरे लावून येऊ नका, माझी पट्टी काळी एक आहे.

गंगापूररोडवाला: मग 346.