एक्टमी, ऑटमी, ऑस्टमी: फरक काय?

प्रश्न: शस्त्रक्रियांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी हे तीन प्रत्यय येतात. ऐकायला सारखेच वाटतात. नेमका फरक कसा ओळखायचा?

उत्तर १: मुळं ग्रीक आहेत. ‘टोमे’ म्हणजे कापणं. ऑटमीत फक्त छेद घेतात. क्रेनिऑटमीत कवटी उघडतात. ‘एक्’ म्हणजे बाहेर, म्हणून एक्टमीत कापून बाहेर काढतात: अपेंडेक्टमीत अपेंडिक्स, हिस्टरेक्टमीत गर्भाशय. ऑस्टमीचं मूळ मात्र वेगळंच, ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. कोलोस्टमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात. कोलेक्टमीत तेच आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढतात. एक अक्षर चुकलं तर शस्त्रक्रियाच बदलते.

उत्तर २: एक्टमी म्हणजे अख्खा अवयव गेला असं धरू नका. व्हॅसेक्टमीत शुक्रवाहिनी कापतात, फार तर छोटा तुकडा काढतात. आणि लोबेक्टमी, लोबॉटमी यांत गल्लत नको. पहिलीत फुफ्फुसासारख्या अवयवाचा खंड काढतात, दुसरीत मेंदूतले जोड तोडत.

प्रश्नकर्ता: मग ट्रेकिऑटमी आणि ट्रेकिऑस्टमी?

उत्तर १: पहिली श्वासनलिकेवरचा छेद, दुसरी त्यातून तयार केलेलं छिद्र. बोलताना बरेच जण दोन्ही एकाच अर्थानं वापरतात.

उत्तर ३: अ‍ॅस्ट्रॉनॉमी, इकॉनॉमी या यादीत घुसवू नका, तिथे ‘नोमोस’ म्हणजे नियम आहे. अनॅटमी मात्र खरोखर ‘टोमे’चीच. अ‍ॅटमसुद्धा: जो कापता येत नाही तो.