जुन्या चिरेबंदी घरात व्हीलचेअरसाठी कोणते बदल करावेत?

प्रश्न:
नमस्कार. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमचे घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), मंगळुरी कौलांचे आहे. अर्धांगवायूमुळे वडिलांची डावी बाजू निकामी झाली असून ते आता व्हीलचेअरवर असतात. सध्या ते भावाच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण त्यांचे मन तिथे रमत नाही. अंगणातून सोप्यावर यायला पाच पायऱ्या, म्हणजे जवळजवळ तीन फूट चढावे लागते. प्रत्येक खोलीला उंबरठा आहे आणि न्हाणीघर मागच्या पडवीत एक पायरी खाली आहे. पावसाळ्यापूर्वी काम संपवायचे आहे, कारण चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना वडील समोर हवेत, मग ते सूचना देण्यापुरते का होईना. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १:
मी बांधकाम क्षेत्रात आहे. उताराचे प्रमाण एकास बारा धरावे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. तीन फुटांना छत्तीस फूट लागतील. शिवाय वर, खाली आणि मध्ये खुर्ची थांबवण्यासाठी पाच फुटांची सपाट जागा हवी. एवढा उतार अंगणात घातला तर तुळशी वृंदावनाभोवती जागाच उरणार नाही. आपल्याकडची बरीच घरे डोंगरउतारावर असल्यामुळे परसाची बाजू उंच असते आणि तिथून कमी लांबीचा उतार पुरू शकतो. तेव्हा आधी पाण्याच्या नळीने सगळीकडची पातळी मोजून घ्यावी.

दार रुंद करण्यासाठी चिऱ्याची भिंत घाईने फोडू नका, कारण छपराचा भार त्याच भिंतींवर असतो. पुढचे दुपाखी दार दोन्ही पाखे उघडल्यावर बहुधा पुरते. आतल्या दाराचे पाखे काढून पडदा लावला तरी इंच-दीड इंच मिळतो. तेवढ्याने भागले नाही तर वर लिंटल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, घालूनच चौकट बदलावी. मोकळी रुंदी तीन फूट असलेली उत्तम.

उत्तर २:
माझ्या आईसाठी आम्ही हे सगळे केले आणि पहिल्यांदा चुकलो. कंत्राटदाराने जागा वाचवण्यासाठी उतार दुप्पट उभा केला आणि वर गुळगुळीत फरशी बसवली. श्रावणात त्यावर शेवाळ धरले आणि आईला वर नेताना खुर्ची माझ्यासकट मागे घसरली. आईचा हात कठड्यावर इतका घट्ट आवळला होता की तो सोडवायला मला वेळ लागला. तो उतार आम्ही फोडला. नवा उतार सिमेंटचा असून ओला असतानाच त्यावर झाडूने आडव्या रेघा ओढल्या, कडांना तीन इंचांची बांधणी केली आणि वर पत्र्यांचे छप्पर घातले.

न्हाणीघरातील आधाराच्या दांड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. चिरा मऊ असतो. त्यात नुसते बोल्ट ठोकले तर काही महिन्यांत ते हलू लागतात, आणि माणूस तर सगळा भार त्यावरच टाकतो. आम्ही तिथला चिरा कोरून काँक्रीट भरले आणि मग दांडी बसवली. आपल्या वडिलांचा उजवा हात चांगला असल्याने दांडी उजव्या बाजूच्या भिंतीवर हवी, आणि कमोडची उंची त्यांच्या खुर्चीच्या बैठकीएवढी, साधारण अठरा-एकोणीस इंच ठेवावी. पायरी भरून जमीन समतल करावी आणि पाण्यासाठी मोरीकडे हलकासा ढाळ द्यावा.

उंबरठा मात्र आम्ही कापला नाही. दोन्ही बाजूंना फणसाच्या लाकडाच्या उतरत्या पाचरी बसवल्या. आई त्याला हात लावूनच आत जाते.

प्रश्नकर्ता:
आपले मनापासून आभार. काल पातळी मोजली. परसाकडून पडवी केवळ चौदा इंच उंच आहे, म्हणजे चौदा फुटांच्या उतारात काम होईल. तिथून सोप्यापर्यंत तीन दारे लागतात. देवघराचे दार सव्वीस इंच आणि खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे. हात चिमटतील, म्हणून ती एकच चौकट बदलण्याचे ठरवले आहे. पुढच्या आठवड्यात गवंडी येतील, आणि त्या दिवशी वडिलांनाही घरी आणून त्यांच्या खुर्चीनेच प्रत्येक वळण तपासून पाहणार आहोत.