मदत हवी आहे: ऑपरेटर आणि मॅनेजर, दोघांना घेऊन प्रशिक्षण कसं आखावं?

मंडळी, जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडर लाइनसाठी (प्लास्टिक वितळवून साच्यातून पाइप काढणारी मशीन) ऑपरेटरचं प्रशिक्षण नव्याने आखायचं आहे. डेकम (DACUM) पद्धतीने, म्हणजे पाच ते बारा जाणते ऑपरेटर दोन दिवस बसवून त्यांच्याकडूनच कामांचा तक्ता भिंतीवर लावून घ्यायचा, एवढं पक्कं.

अडचण अशी, मॅनेजर खोलीत असला की माणसं पुस्तकातलं बोलतात. ‘लाइट गेली तर काय करता?’ उत्तर : ‘मेंटेनन्सला कळवतो.’ अहो, गरम बॅरलमध्ये (मशीनच्या तापलेल्या नळीत) माल अडकला की पीव्हीसी आधी पिवळं, मग तपकिरी पडतं आणि डोळ्यांना झोंबणारा आम्लाचा धूर सुटतो. लाइट आल्यावर स्क्रू किती सावकाश फिरवायचा, पर्जिंग (बॅरल साफ करणारा माल) कधी टाकायचं, डाय (पाइपला आकार देणारा साचा) कधी उघडायची, हे जुन्या हातांनाच ठाऊक. पाइपची जाडी एका अंगाला कमी भरली तर डायचा समोरचा बोल्ट आधी सैल करायचा, मग दुसरा आवळायचा, हेही. नेमकं तेच तक्त्यावर येत नाही.

मॅनेजरला पूर्ण बाहेर ठेवावं, तर पुढे सरावासाठी मशीन आणि वेळ कोण देणार?

तक्ता तयार झाल्यावरच मॅनेजरला तपासायला बोलावलं, असं कुणी केलंय का? तेव्हा त्यांनी ऑपरेटरची कामं खोडली तर शेवटचा शब्द कुणाचा? रात्रपाळीवाल्यांना कसं बसवलंत? चर्चा अहिराणीत होऊ द्यावी, असं मला वाटतं. लिहून घेणारा मात्र तसा हवा. कामाची पायरी, त्यातली खुबी आणि त्यामागचं कारण अशा तीन रकान्यांचा भरलेला नमुना कुणाकडे असेल तर कृपया टाका.