क्रूझ आणि बोट एकच का? (सूरसागरच्या कठड्यावर न मिटलेला वाद)

सूरसागरकाठी
आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या कठड्यावर बसतो. आठवडाभर तिथे एकच वाद चाललाय: क्रूझ आणि प्रवासी बोट एकच का? तिथे बहुमत माझ्या विरुद्ध आहे, म्हणून तो इथे आणतोय. बाहेरून पाठिंबा मिळाला तर बघावं.

मी दोन्ही केलंय. तीन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने आम्हा दोघांना मुंबईहून निघणाऱ्या एका क्रूझवर पाठवलं. आणि गेल्या मे महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला जाताना लंडनपर्यंत विमान आणि पुढे साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क 'क्वीन मेरी २' ने, सात रात्री. (दोन देशांचे व्हिसे काढताना सौ. जे बोलली ते इथे लिहीत नाही.)

माझं म्हणणं एवढंच, की या दोन गोष्टींना एका मापाने मोजू नका. क्रूझ जिथून निघते तिथेच परत येते. जहाज हेच तिचं ठिकाण. समुद्र म्हणजे लग्नाच्या हॉलमागचा पडदा. आमच्या क्रूझवर सकाळी डोशाची रांग, दुपारी हाऊजी, रात्री डीजे. समुद्र बघायला शांत कोपरा शोधला, तर तिथे कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचं शूटिंग चालू.

बोट मात्र कुठेतरी जाते. पश्चिमेकडे जाताना सातांपैकी पाच रात्री घड्याळ तासभर मागे करायचं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा झोप तिथल्या वेळेला येत होती. मधे बेट नाही, बंदर नाही, खरेदी नाही. न्यूफाउंडलंडच्या खाली धुकं लागलं आणि दर दोन मिनिटांनी भोंगा वाजू लागला. त्या भोंग्यांपैकी एक १९३० च्या दशकातल्या जुन्या 'क्वीन मेरी'चा आहे. रात्रभर पलंग त्याने थरथरत होता. पृथ्वी किती मोठी आहे हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. विमानात ते कळत नाही, तिथे फक्त पाय आखडतात.

आणि हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. सयाजीराव १८८७ साली पहिल्यांदा विलायतेला गेले ते बोटीनेच, आणि नंतर कितीदा तरी गेले. अमेरिकेतली वाचनालयं पाहून आले आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला तिकडून इथे आणलं. मधले दोन-तीन आठवडे पाण्यावर विचार करायला मिळत असणार, असं मला वाटतं. आता बोला.

अलकापुरीचा टूरवाला
काका, नमस्कार. पाण्यावर विचार करायला महाराजांकडे संस्थान होतं. माझ्या गिऱ्हाइकाकडे आठ दिवसांची रजा असते.

धंद्यातलं सांगतो. मागच्या डिसेंबरात इथून बत्तीस जणांचा ग्रुप सिंगापूरच्या क्रूझवर नेला. त्यात एक आजी ८४ वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीवर. तीन कुटुंबं कांदा-लसूण न खाणारी, दोन मुलं दीड वर्षाच्या आतली. एकाच जहाजावर सगळ्यांची सोय झाली, रोज बॅग भरायची नाही, बस पकडायची नाही. आजींनी पहिल्यांदा समुद्र बघितला. त्यांना मी सात दिवस करडं पाणी आणि भोंगा दाखवायचा?

तुम्ही 'ठिकाण म्हणजे जहाजच' असं नाक मुरडून म्हणालात. माझ्या मते तीच क्रूझची गंमत आहे. मग माथेरानला तरी काय करतो आपण? जातो, फिरतो, खातो, परत येतो. त्याला कुणी 'हा प्रवास नव्हे' म्हणतं का?

लीलो चेवडो
काकांना अंतर अनुभवायचंय ना? घोघा–हजिरा रो-रो ने (गाड्यांसकट आखात ओलांडणाऱ्या बोटीने) जा. रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्राने ९०. अंतर वाढवायच्या ऐवजी कमी करते, पण पाणी तेच खारट. आधी घोघा–दहेज होती, ती आपल्याला जवळ पडायची. खंभातच्या आखातातल्या गाळाने तिला काही नीट चालू दिलं नाही.

बाय द वे, 'पॉश' हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आला ना? विलायतेहून हिंदुस्थानात जाताना डावी केबिन, परतताना उजवी, म्हणजे सावलीची बाजू. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम.

इंजिनरूम
'पॉश'ची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. सोडून द्या.

चौतीस वर्षं जहाजांच्या पोटात काढली आणि आता मांजलपूरला राहतो, तेव्हा थोडं यंत्राचं बोलतो. सूरसागरकाठी म्हणतात तो फरक खरा आहे, पण तो मनात नाही, पोलादात आहे. क्रूझचं जहाज हवा बघून मार्ग बदलू शकतं. वादळ आलं तर एक बंदर गाळलं, दुसरं घेतलं. लायनरला, म्हणजे ठरलेल्या मार्गाने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी पोचवणाऱ्या बोटीला, तारीख पाळायची असते आणि उत्तर अटलांटिक ओलांडायचाच असतो. म्हणून 'क्वीन मेरी २' ची नाळ (पुढचं टोक) लांब आणि निमुळती, पोलाद जाड, आणि जीवरक्षक बोटी नेहमीच्या नियमापेक्षा बऱ्याच उंचावर टांगलेल्या, लाटांनी फुटू नयेत म्हणून. वेग तीस नॉटपर्यंत, म्हणजे तासाला तीस सागरी मैल. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे क्रूझ जहाज लांबीला तिच्याहून वीसेक मीटर जास्त, आकारमानाला जवळजवळ अडीच लाख ग्रॉस टन, माणसं साडेसात हजारांवर, पण वेग बाविसाच्या आसपास. तिला घाई कसली? तिचा धंदा पोचण्याचा नाहीच.

आता काकांना न आवडणारं. क्रूझ ही लायनर कंपन्यांचीच निर्मिती आहे. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी नसायचे, जहाजं बंदरात पडून खर्च खायची. म्हणून १८९१ साली अल्बर्ट बालिन या जर्मन गृहस्थाने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' नावाची लायनर भूमध्य समुद्रात सहलीला काढली. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातली आणि खालच्या वर्गातली गर्दी आटली. मग त्याच केबिना रंगवून पर्यटकांना विकल्या. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमान अटलांटिकपार प्रवासी नेऊ लागलं आणि उरलेलं कारणही संपलं. तुमची 'क्वीन मेरी २' देखील वर्षातला बराच काळ क्रूझच करते. म्हणजे तुम्ही ज्या बोटीवर गेलात ती अर्धवेळ लायनर आहे.

सूरसागरकाठी
अर्धवेळ का होईना, मी चढलो तेव्हा ती पूर्णवेळ होती!

माथेरानचं मात्र पटलं. क्रूझ वाईट असं मी म्हणत नाही, तो प्रवास नाही असं म्हणतो. सहल म्हणा. आणि रिकाम्या वेळाचं विचाराल तर सी. व्ही. रामन १९२१ साली 'नारकुंडा' बोटीने विलायतेहून परतत होते, तेव्हा भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला. डेकवरच प्रिझम घेऊन निरीक्षणं केली, लेख लिहिला. आज ते विमानाने आले असते तर मधे झोपले असते.

अलकापुरीचा टूरवाला
रामन क्रूझवर असते तरी त्यांना तेच सुचलं असतं. आणि तुम्ही-आम्ही नारकुंडावर असतो तर चहाची वेळ विचारली असती.

रत्नागिरीची माहेरवाशीण
हा धागा सकाळपासून वाचतेय आणि जरा चिडचिड होतेय, तर लिहूनच टाकते.

सगळे डेकवरून बोलताय. माझे पणजोबा रत्नागिरीजवळच्या खाडीवरचे, एका विलायती कंपनीच्या बोटीवर खलाशी. त्या काळात डेकवर आमच्याकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, जेवणखाण वाढायला गोव्याचे, आणि खाली भट्टीपाशी बहुतेक पंजाबकडचे. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी, झोपायला जागाही कायद्यानेच कमी. तांबड्या समुद्रात वरचे साहेब उकडतं म्हणून गाद्या घेऊन डेकवर झोपायचे, हे सगळे कौतुकाने सांगतात. तेव्हा खाली कोळसा ओढणाऱ्याचं काय होत असेल?

घरी पणजोबांची एकच गोष्ट शिल्लक आहे. आजी म्हणायची, ते सुट्टीवर आले की पहिले चार दिवस अंगणात झोपायचे, छत नको म्हणायचे. विलायत कशी होती विचारलं तर म्हणायचे, धक्का बघितला. बस.

काका, तुम्ही त्या बोटीवर जे विकत घेतलंत ना, अंतर, पाणी, पंचवीस तासांचा दिवस, ते त्यांना पगारात मिळत होतं, आणि त्यांना ते नको होतं.

कमाटीबाग
ताईंच्या म्हणण्याला जोडून. बडोद्याचं नाव निघालंच आहे तर सयाजीरावांपाशी का थांबायचं? बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये परतताना त्यांचं सामान, पुस्तकं वेगळ्या जहाजाने येत होती. महायुद्ध चालू होतं, त्या जहाजाला पाणतीर लागला आणि सगळं बुडालं. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यातून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. सात समुद्र ओलांडलेल्या त्या माणसाला या गावात राहायला खोली मिळेना. शेवटी आपल्या याच कमाटीबागेत झाडाखाली बसून होते.

बोटीवरचा प्रवास माणसाला बदलतो असं सगळे म्हणतात. धक्क्यावरचे लोक मात्र होते तिथेच होते. मला तरी लायनर म्हटलं की भोंगा नाही, ती पुस्तकं आठवतात.

सूरसागरकाठी
ताई, तुमच्या पणजोबांचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. खरं आहे. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगाही मडगावचा निघाला, नऊ महिन्यांच्या करारावर. मी त्याला 'मजा आहे तुझी, रोज अटलांटिक' असं म्हणालो होतो. तो नुसता हसला. आज कळतंय कशाला हसला.

पण यावरून क्रूझ सरस कशी ठरते? तिथेही वाढणारी मुलं तीच आहेत.

रत्नागिरीची माहेरवाशीण
सरस ठरते असं मी म्हटलंच नाही. क्रूझवाला निदान खोटा आव आणत नाही. 'या, खा, नाचा, घरी जा' म्हणतो. तुमच्या बोटीवर बंदगळा घालून, जुन्या काळाचा अत्तरफाया लावून तेच विकतात, वर चार पैसे जास्त घेऊन. मला त्या अत्तराचा वास सहन होत नाही.

इंजिनरूम
हे मात्र बरोबर बोललीस गं. 'क्वीन मेरी २' च्या मागे नोंदणीचं बंदर म्हणून हॅमिल्टन (बर्म्युडा) लिहिलंय ना? २०११ पर्यंत साउथॅम्प्टन होतं. नोंदणी बर्म्युडाला नेली, आणि त्यामागे एक कारण असं, की ब्रिटिश नोंदणीत कप्तानाला समुद्रावर लग्न लावता येत नव्हतं. परंपरा परंपरा म्हणतात ती अशी असते.

एम.एस.यू. हॉस्टेल
मी भूगोलाची विद्यार्थिनी, दोन्ही परवडत नाही, म्हणून निःपक्षपाती आहे. 😀

दोन्हींत इंधन किती जळतं ते कुणीच काढलं नाही. आयकॉनसारखी नवी जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात म्हणून मिरवतात, पण त्यातून न जळलेला मिथेन निसटतो. लायनरला तर वेगाचं वेड, आणि वेग वाढला की इंधन दुपटीतिपटीने लागतं. म्हणजे हळू प्रवास म्हणून विमान टाळून बोटीने जाणं हे पर्यावरणप्रेम नाही.

पण काकांच्या बाजूने एक मुद्दा. लायनर बंदराला गिळत नाही, दोन टोकांना दोन मोठी शहरं, संपलं. क्रूझ मात्र एका सकाळी पाच-सहा हजार माणसं छोट्या गावात सोडते आणि संध्याकाळी उचलते. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरची जहाजं जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून बंदच केली. पावागडला देवीच्या दर्शनाला नवरात्रीच्या रविवारी किती गर्दी होते ते आठवा, आणि ते रोज झालं तर.

अलकापुरीचा टूरवाला
पावागडचं उदाहरण देऊन तू माझा सीझन बुडवशील.

लीलो चेवडो
बोट लागली का कुणाला, ते कुणी सांगतच नाही. मला सूरसागरात पेडल बोटीतही लागायची.

सूरसागरकाठी यांची सौ.
हे सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते. बोट यांनाच लागली. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत हे पलंगावर, हातात आल्याची वडी. 'पृथ्वी किती मोठी आहे' ते तिथूनच कळलं. भोंगाही पडूनच ऐकलाय.

मी मात्र हिंडले. वाचनालयात बसून समोर नुसतं पाणी बघत स्वेटर पुरा केला. वर कुत्र्यांना ठेवायची जागा आहे. इंग्रज कुत्र्यांसाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी रस्त्यावरचा बंबाचा नळ, दोन्ही उभे केलेत. तिथे एका म्हाताऱ्या बाईशी ओळख झाली. कुत्र्याला विमानाच्या पोटात घालवत नाही म्हणून दरवेळी बोटीने जाते म्हणाली. अख्ख्या जहाजावर खरी गरज म्हणून चढलेली मला ती एकटीच भेटली.

शेवटच्या पहाटे चार वाजता यांना उठवलं. न्यूयॉर्कच्या पुलाखालून जाताना धुराडं आता लागतं की मग लागतं असं वाटतं. धुराडं मुद्दाम आखूड ठेवलंय म्हणे. समोर दिवे, आणि लेक त्यातल्या कुठल्या तरी दिव्यापाशी उठून गाडी काढत असणार. मला रडू आलं. विमानतळावर कधी आलं नव्हतं.

आणि क्रूझवरचा डोसा चांगला होता. डोशाला नावं ठेवू नका.

अलकापुरीचा टूरवाला
काकू, पुढच्या वर्षीचं बोला. क्रूझ की बोट?

सूरसागरकाठी यांची सौ.
बाळंतपण आहे लेकीचं. विमान.