२६ जुलै म्हटलं की फक्त मिठी नदीच का?

वर कुणीतरी लिहिलंय की २००५ ला मुंबई बुडली ती प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे. पिशव्यांनी गटारं तुंबली हे खरंच आहे, पण सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस आणि कुलाब्याला शंभरच्याही आत, त्यात समुद्राला भरती, आणि मिठीचं पात्र भराव टाकून टाकून आवळलेलं, मग पाणी जाणार तरी कुठे?

आणि दरडींचं कुणी बोलतच नाही. त्याच पावसात साकीनाक्याला टेकडी खाली आली, झोपड्या गाडल्या गेल्या. इकडे आमच्या महाड तालुक्यात जुई, दासगावला घरंच्या घरं गेली. टीव्हीवर मात्र मुंबईच. मग २२ जुलै २०२१ ला महाडमधल्याच तळिये गावावर दरड, त्याच दिवशी चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत.

आपल्याकडे डोंगराला खाली काळा कातळ, वर मातीचा थर. कातळात पाणी फारसं मुरत नाही, माती पिऊन पिऊन जड होते आणि अख्खा थर सुटतो. त्यात रस्त्यासाठी नाहीतर घरासाठी जेसीबीने पायथा कापला की आधारच गेला, याचा मला खरंच संताप येतो.

ज्यांची घरं डोंगराखाली आहेत त्यांनी प्लीज वरच्या बाजूला जमिनीला भेग पडलीय का, खांब किंवा झाडं कललीत का बघा. झऱ्याचं पाणी एकाएकी तांबडं गढूळ आलं तर आवराआवर करत बसू नका, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन लगेच निघा, रात्र असली तरी.